आजीच्या खोलीत रात्री कोण झोपतं?

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आहे. लेक दुसऱ्या पीयूसीला, म्हणजे बारावीला, पहिल्या वर्षी ८१ टक्के. यांना तिला डॉक्टर करायचंय, लागलं तर नीटला दोनदा बसवू म्हणतात. आजीला अल्झायमर झालाय आणि लेकीला बायकांचे हार्मोन्स व त्या आजारातली प्रोटीन्स यांच्यावर संशोधन करायचंय. वडील विचारतात, ‘या खुळात पुढं काय आहे? आणि हार्मोन कमी होऊनच हे होत असेल, तर तिच्या आईला आत्ताच गोळ्या सुरू कराव्यात का?’

नमस्कार. मार्कांचं नंतर बघू. ‘रात्री आजीजवळ तीच झोपते, मुलगा डिप्लोमाला आहे, त्याची झोप मोडते म्हणून तो माडीवर,’ ही ओळ मी तीनदा वाचली. तुम्हीच लिहिलंय, तुमच्या आई रात्री दोनला उठतात, गोठ्याची कडी लावली का विचारतात. गोठा पाडून बारा वर्षं झाली. तरी ही पोर त्यांना हाताला धरून परसदारी नेते, कडी लावल्यासारखं करून परत आणते आणि सकाळी सातच्या बसला उभी राहते. तिची झोप मोडत नाही का? वाटणी तुम्ही केलीत आणि नाव तिच्या हळव्या स्वभावाचं पुढं केलंत. नीटच्या क्लासची फी भरण्याआधी हे बदला.

आता गोळ्यांचं. मेंदूत एपीपी नावाचं एक मोठं प्रोटीन असतं. ते एका जागी कापलं गेलं तर निरुपद्रवी तुकडे होतात, दुसऱ्या जागी कापलं गेलं तर अमायलॉइड बीटाचे चिकट तुकडे होतात, अल्झायमरमध्ये तेच साचतात. पेशींवरच्या आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत इस्ट्रोजेन, म्हणजे पाळी गेल्यावर कमी होणारं बायकांचं हार्मोन, पहिल्या कापाकडे झुकवतं असं दिसलंय. पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनचाही अमायलॉइडशी संबंध आहे. पण यावरून ‘कमी पडलं ते भरून काढा’ एवढं सोपं गणित होत नाही. अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या साडेचार हजार बायकांना इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनच्या किंवा औषध नसलेल्या, नुसत्या दिखाऊ गोळ्या देऊन पाहिलं. २००३ मध्ये निकाल आला: हार्मोन घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका जवळपास दुप्पट. पाळी जाताना त्रास होत असेल तर वहिनींनी स्त्रीरोगतज्ज्ञांना जरूर दाखवावं, पण अल्झायमर टाळायला म्हणून मनानं गोळ्या नकोत.

प्रयोगशाळेत एक आणि माणसांत दुसरं असं का झालं, हे अजून पुरतं उलगडलेलं नाही. तुमच्या लेकीला नेमकं तिथंच काम करायचंय. त्याला खूळ म्हणू नका. त्यासाठी एमबीबीएसच हवं असंही नाही. आयसर म्हणजे विज्ञान शिकवणाऱ्या आणि संशोधन करणाऱ्या सरकारी संस्था, त्यांची प्रवेशपरीक्षा द्यावी. नाही जमलं तर बेळगावात बीएस्सी, मग जॅम ही प्रवेशपरीक्षा देऊन एमएस्सी, पुढं पीएचडी. बेंगळुरूला आयआयएस्सी ही विज्ञानसंस्था आणि निम्हान्स हे मेंदू-मनाच्या आजारांचं रुग्णालय व संशोधन केंद्र, दोन्हीकडे मेंदूवर काम चालतं. वाट लांब आहे, पगार उशिरा सुरू होतो, हे तिला स्पष्ट सांगा. शिवाय मराठी, कन्नड दोन्ही बोलणारी संशोधक या भागातल्या म्हाताऱ्या माणसांशी त्यांच्याच भाषेत बोलेल, ते वेगळंच.

आज रात्रीपासून आजीच्या खोलीत तुम्ही झोपा, उद्या मुलगा. परसदाराला घुंगरं बांधा, आई उठल्या की कळेल. त्या गोठ्याचं विचारतील तेव्हा वाद घालू नका, लेकीसारखं हात धरून नेऊन आणा. कसं करायचं ते तिला विचारून घ्या.