एका नावाच्या दोघी

प्रिय मावशी,

मी १९९५ सालची, १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर झालेली. भूकंपात माझी सहा वर्षांची बहीण आणि आजी गेल्या. आई, बाबा आणि नऊ वर्षांचा दादा वाचले. दादाला नंतर पुण्याजवळ वाघोलीला शिकायला नेलं. दोन वर्षांनी मी झाले आणि बहिणीचंच नाव मला ठेवलं. घरात तिचा एकही फोटो नाही. आई तिच्याबद्दल अवाक्षर काढत नाही. त्या रात्री ती अंगणात सगळ्यांबरोबर झोपायचा हट्ट करत होती, पण ओल लागेल म्हणून आईनं तिला आत आजीपाशी निजवलं. हे मला आत्यानं सांगितलं.

बाबा गेल्यापासून आई पुण्यात माझ्याकडे असते. विसर्जनाचे ढोल सुरू झाले की खिडक्या लावून बसते. माझी मुलगी आता सहा वर्षांची झाली, तर आई तिला आतल्या खोलीत झोपूच देत नाही, बाहेर दाराशी स्वतःजवळ घेते. दादा दरवर्षी भूकंपाच्या दिवशी, ३० सप्टेंबरला, गावाकडच्या स्मृतिस्तंभावर जातो. यंदा आईला न्यायचंच म्हणतो. ती नको म्हणाली तेव्हा "तुला तिची आठवण तरी येते का?" असं बोलून गेला. आई दोन दिवस धड जेवली नाही. मी कुणाची बाजू घेऊ? आणि खरं सांगू? मी कुणाची तरी भरपाई म्हणून जन्मले असं मला वाटत आलंय. आई मला नावानं हाकसुद्धा मारत नाही, 'माय' म्हणते. ताईबद्दल तिला विचारू का?

— तेच नाव लावणारी

तुला,

यंदा आईला स्मृतिस्तंभावर नेऊ नका. तिनं नको म्हटलंय, तेवढं कारण पुरे. पण दादालाही अडवू नकोस. तुझ्या पत्रात तो जरा खलनायक झालाय, आणि मला तो तसा वाटत नाही.

नऊ वर्षांच्या मुलानं काय पाहिलं असेल याचा विचार कर. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. वरून पाऊस. गावंच्या गावं ढिगाऱ्याखाली, आणि मृतांचं दहन सामुदायिक. कुणाला कुठे अग्नी दिला हे कित्येक घरांना नेमकं कळलंही नाही. त्यानंतर भारतीय जैन संघटनेनं १,२०० मुलं पुण्याला आणली, त्यांत हा. मुलांचं शिक्षण झालं, आयुष्यं उभी राहिली, ते काम मोठंच. पण आई आणि बाबा तिकडे पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढत असताना हा इकडे वसतिगृहात होता. बहिणीसाठी रडायची जागा त्याला घरात मिळालीच नाही. ती त्याला स्मृतिस्तंभापाशी मिळते. तिथे पुढाऱ्यांची भाषणं होतात, पुष्पचक्रं वाहतात, फोटो निघतात, तरी त्याला चालतं, कारण त्या गर्दीत त्याच्यासारखीच चाळिशीची माणसं उभी असतात. त्याला जाऊ दे. जमलं तर एखाद्या वर्षी तू जा त्याच्याबरोबर. आईला मात्र त्या गर्दीत काही मिळायचं नाही.

आता आईचं. आत्याकडून जे कळलं ते कळलंय असं आईला दाखवू नकोस. आणि "आई, तुझी काही चूक नव्हती" हे वाक्य घाईनं तिच्या अंगावर टाकू नकोस. माणूस तीस वर्षं जे ओझं उचलून चाललंय, ते अशा एका वाक्यानं उतरत नाही. उलट 'हिला माहीत आहे' एवढंच तिला कळेल आणि ती आणखी मिटून बसेल. ती स्वतः कधी बोललीच, तर मध्ये न तोडता ऐक. समजूत नंतर.

तुझ्या स्वतःसाठी मात्र काही गोष्टी माहीत असू देत. तुमच्याकडची जुनी घरं माळवदाची. दगडमातीच्या जाड भिंती, लाकडी सरे, वर मातीचा थर. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार, आणि बघणाऱ्याला भक्कम. पोराला जपायचं तर अशाच घरात, आजीच्या कुशीत निजवायचं, हे त्या रात्री गावातल्या कुठल्याही आईनं केलं असतं. त्याच भिंतींनी आणि माळवदांनी घात केला. आदल्या वर्षी, १९९२ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत, किल्लारीत धक्के बसलेच होते. लोक भ्यायले, काही दिवस बाहेर झोपले, मग पुन्हा घरात गेले. जायचं नाही तर काय करायचं? देशाच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात लातूरचा भाग तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेला होता. तो पट्टा २००२ साली बदलला. शास्त्रज्ञांना जे दिसलं नाही ते ओल लागेल म्हणून काळजी करणाऱ्या बाईला कसं दिसावं? आणि ती रात्र अनंत चतुर्दशीची. गावोगाव गणपती बोळवून माणसं दमून निजलेली. म्हणून ढोल वाजले की खिडक्या लागतात. त्या दिवसांत तुझ्याकडे वर्दळ असेल तर आईला दोन दिवस एखाद्या शांत घरी ने, आणि का ते कुणाला सांगत बसू नकोस.

नातीला दाराशी झोपवते, तिथे तिला झोपू दे. मुलीला एवढंच सांग की आजीला तिथे बरं वाटतं. पण आईची झोप रोजच मोडत असेल, जेवण तुटलं असेल, ती दचकून उठत असेल, तर दुर्लक्ष करू नकोस. वय झालं म्हणून सोडून द्यायची ही गोष्ट नव्हे. मनाच्या त्रासासाठी टेलीमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीतून बोलता येतं. आधी तूच फोन कर आणि काय करावं ते विचार.

ताईबद्दल विचारू का, असं लिहिलंस. विचार. मात्र त्या रात्रीबद्दल नाही, आणि सप्टेंबरात तर मुळीच नाही. तिच्या सहा वर्षांबद्दल विचार. एक रात्र सोडली तर ती पोर सहा वर्षं जगली, हे तुमच्या घरात सगळे विसरलेत. तिला केस विंचरून घ्यायला आवडायचं का? दादाशी भांडायची का? भाकरी कशाबरोबर खायची? शाळेत जायला रडायची का? मुलीची वेणी घालता घालता किंवा भाजी निवडताना, आईचे हात कामात असताना, एकच प्रश्न सहज टाक. उत्तर नाही आलं तर विषय सोड. महिन्याभरानं दुसरा. दादालाही विचार. नऊ वर्षांच्या भावाला बहिणीच्या खोड्या आईपेक्षा जास्त माहीत असतात, आणि त्याला आजवर कुणी विचारलेलं नाही, असं मला तुझ्या पत्रावरून वाटतं.

नावाचं मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण ते तुला सगळ्यांत जास्त टोचतंय. आपल्याकडे गेलेल्या आज्याचं, आजीचं नाव ठेवतात, तो मान असतो. गेलेल्या लेकराचं नाव दुसऱ्या लेकराला ठेवणं वेगळं. ते जड जातं, आणि तुला जड गेलं यात तुझा काही दोष नाही. 'तू नशीबवान आहेस' वगैरे मी म्हणणार नाही. पण तूच लिहिलेली एक गोष्ट पुन्हा वाच. नाव दिलं खरं, पण त्या नावानं आई तुला हाक मारत नाही. भरपाई म्हणून आलेली असतीस, तर दिवसातून पन्नास वेळा तेच नाव घेतलं असतं तिनं. माझा अंदाज असा की नाव ठेवलं ते कागदावरून पुसलं जाऊ नये म्हणून, आणि हाक मारायची वेळ आली तेव्हा तुला तुझी वेगळी हाक दिली. अंदाज चुकूही शकतो. खरं काय ते तिलाच ठाऊक. तरी ताईला घरात काय म्हणायचे ते शोधून काढ. सहा वर्षांच्या पोरीला कागदावरच्या नावानं कोण बोलावतं? ठकी, बाई, चिमणी, काहीतरी असणारच. ते सापडलं की तुम्ही दोघी निदान बोलण्यात तरी वेगळ्या व्हाल.

आणि आईला गावाकडे न्यायचंच असेल, तर येळवशीला न्या. तुमच्या भागात मार्गशीर्षातल्या अमावस्येला सगळं घर शेतात जातं, कडब्याची कोप करतात, भज्जी आणि आंबील होते, हे तुला मी काय सांगायचं. भूकंपानंतर गावं हलली, नव्या जागी सिमेंटची घरं आणि सरळ रस्ते आले, पण शेतं होती तिथेच राहिली. ताई त्या शेतात येळवशीला गेली असणार, ज्वारीत पळाली असणार. आईला तिथे काही आठवलंच, तर ते हसतं-खेळतं असण्याची शक्यता जास्त. ती तिथेही नको म्हणाली तर डबा बांधून तुम्ही भावंडं जा आणि भज्जी तिच्यासाठी घेऊन या.

दादाला हे आजच फोन करून सांग. आधी चिडेल. "मग ३० सप्टेंबरला तिनं काय करायचं?" असं विचारेल. काही करायचं नाही, म्हणावं. तू फूल वाहा, ती घरी बसेल. पण त्या दिवशी स्तंभापासून आईला फोन करायचा नाही आणि फोटो पाठवायचा नाही. आणि जे बोलून गेलास, त्याबद्दल त्याआधी एकदा पुण्याला येऊन तिच्यापुढे बस.

— मावशी