व्हेनिसमध्ये जुलैत चार दिवस: बिएनाले, इतर कलाप्रदर्शनं आणि रेदेन्तोरेचा उत्सव कसा बसवावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुलैमध्ये चार दिवस व्हेनिसमध्ये आहात, समकालीन कला बघायला आवडते पण त्यातला अभ्यास नाही, आणि बिएनाले (इथलं एक वर्षाआड भरणारं मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन), शहरातली बाकीची प्रदर्शनं व उन्हाळी उत्सव यांतलं काय, कोणत्या क्रमाने बघावं?

सगळ्यात आधी वर्ष तपासा. १८९५ मध्ये सुरू झालेल्या व्हेनिस बिएनालेत कलेचं प्रदर्शन सम वर्षी असतं आणि स्थापत्याचं विषम वर्षी. पूर्वी हे उलट होतं. कोविडमुळे सगळं एक वर्षाने पुढे सरकलं आणि २०२२ पासून कलेच्या वाट्याला सम वर्षं आली. त्यामुळे २०१९ च्या आधीचं प्रवासवर्णन वाचून वर्ष ठरवलंत, तर नेमकी चूक होईल.

त्यानंतर वार. चार दिवसांची आखणी बिघडते ती बहुतेक वेळा इथेच. बिएनालेची दोन्ही मुख्य ठिकाणं, जिआर्दिनी (बाग) आणि आर्सेनाले (जुनी जहाजबांधणीची गोदी), एखाददुसरा अपवाद सोडला तर सोमवारी बंद असतात. पेगी गुगेनहाइम संग्रहालय, पालाझ्झो ग्रास्सी, पुंता देल्ला दोगाना आणि फोंदाझिओने प्रादा ही मंगळवारी बंद असतात. म्हणजे तुमच्या चार दिवसांत सोमवार आणि मंगळवार दोन्ही आले तर एकही दिवस वाया जात नाही: सोमवारी संग्रहालयं, मंगळवारी बिएनाले. याउलट सोमवारी दुपारी जिआर्दिनीच्या फाटकावर पोचणारे पाहुणे दर आठवड्याला दिसतात. शक्य असेल तर शनिवार ते मंगळवार असे दिवस घ्या, आणि तो शनिवार जुलैच्या तिसऱ्या रविवारच्या आदला असेल तर फारच उत्तम, कारण त्या रात्री रेदेन्तोरे असतो. त्या आठवड्याच्या शेवटी राहायची जागा महाग होते आणि लवकर भरते, म्हणून ती आधी पक्की करा, विमानाचं नंतर बघा.

आता एकेक दिवस.

शनिवारी जिआर्दिनी. उन्हाळ्यात वेळ सकाळी ११ ते संध्याकाळी ७, म्हणजे हातात आठ तास. बागेत मध्यवर्ती पॅव्हेलियन आणि वेगवेगळ्या देशांची २९ कायमची पॅव्हेलियनं, म्हणजे प्रदर्शनगृहं, आहेत. प्रत्येकाला दहा मिनिटं दिली तरी जवळजवळ पाच तास होतात, मध्यवर्ती पॅव्हेलियनला दीड तास धरा, आणि रांगा, पाणी, बसणं यात उरलेला वेळ जातो. म्हणून सगळं समान वाटून बघू नका. आत शिरल्यावर पहिल्या तासात भराभर फिरून फक्त दारातून डोकवा, नकाशावर आठ-दहा पॅव्हेलियनांवर खूण करा आणि मग त्यांनाच प्रत्येकी वीस-पंचवीस मिनिटं द्या. ज्या पॅव्हेलियनची त्या वर्षी चर्चा आहे, सुवर्णसिंह हा बिएनालेचा मुख्य पुरस्कार मिळालेलं तर नक्कीच, तिथे मात्र या फेरीआधीच, अकराच्या ठोक्याला पोचा. दुपारनंतर तिथे तासभराची रांग लागू शकते.

जिआर्दिनीत कलेइतकंच इमारतींकडे लक्ष द्या, हे मी आग्रहाने सांगेन. या बागेत देशांनी आपापली घरं बांधली आहेत, आणि प्रत्येक घर त्या देशाला त्या काळी स्वतःला कसं दाखवायचं होतं ते सांगतं. पहिलं बेल्जियमचं, १९०७ मधलं. नेदरलँड्सचं रीटफेल्ट या स्थापत्यकाराने बांधलेलं, १९५४ चं: स्वच्छ पांढरं, वरून उजेड घेणारं. नॉर्डिक देशांचं १९६२ चं पॅव्हेलियन स्वेर्रे फेन या स्थापत्यकाराचं. त्याने जागेवरची झाडं तोडली नाहीत, छतातून वर जाऊ दिली. काँक्रीटच्या पातळ उभ्या पट्ट्यांमधून खाली येणारा उजेड इतका समान असतो की आत सावलीच पडत नाही असं वाटतं. आत काय मांडलंय ते आवडो न आवडो, इथे पाच मिनिटं नुसते उभे राहा.

आणि जर्मनीचं. १९३८ मध्ये नाझी राजवटीने ते उंच चौकोनी खांब लावून नव्याने घडवलं. १९९३ मध्ये हान्स हाके या कलावंताने आतली संगमरवरी फरशी फोडली. प्रवेशापाशी हिटलरच्या १९३४ च्या बिएनाले-भेटीचं छायाचित्र लावलं होतं, आणि आत शिरणाऱ्याला तुटक्या फरशीवरून तोल सांभाळत चालावं लागत होतं. तेव्हापासून तिथे काम करणारा जवळजवळ प्रत्येक कलावंत त्या इमारतीशी कोणत्या ना कोणत्या प्रकारे भांडतो. एवढं ठाऊक असलं की त्या पॅव्हेलियनमधलं दुर्बोध वाटणारं कामही बऱ्याचदा उलगडतं. ‘अभ्यास नाही’ म्हणालात म्हणून हे सविस्तर सांगितलं. समकालीन कलेत पुष्कळदा जागा हाच अर्धा विषय असतो, आणि जागेचा इतिहास दोन ओळींत वाचता येतो.

रेदेन्तोरेचा शनिवार असेल तर मात्र सातपर्यंत थांबू नका, चार-साडेचारला बाहेर पडा. रेदेन्तोरेच्या संध्याकाळी सान मार्कोसमोरचं पाणी होड्यांनी भरतं, जलबसचे मार्ग वळवतात किंवा थांबवतात, आणि उशीर केलात तर बरंच अंतर पायी जावं लागतं.

रेदेन्तोरे हा पर्यटकांसाठी रचलेला कार्यक्रम नव्हे. १५७५ ते १५७७ च्या प्लेगमध्ये शहरातली सुमारे पन्नास हजार माणसं गेली. १५७६ मध्ये सिनेटने नवस बोलला की साथ हटली तर तारणहाराचं, म्हणजे ‘रेदेन्तोरे’चं, देऊळ बांधू. ते चर्च पाल्लादिओ या स्थापत्यकाराने जुदेक्का बेटावर बांधलं, आणि दर वर्षी जुलैच्या तिसऱ्या रविवारी लोक होड्यांवर टाकलेल्या पुलावरून तिथे चालत जातात. झात्तेरेच्या किनाऱ्यापासून चर्चच्या पायऱ्यांपर्यंतचा हा तात्पुरता पूल सुमारे ३३० मीटर लांब असतो. आदल्या रात्री, म्हणजे शनिवारी, साडेअकराच्या सुमारास आतषबाजी सुरू होते. संध्याकाळपासूनच स्थानिक कुटुंबं सजवलेल्या होड्यांत किंवा किनाऱ्यावर टेबलं मांडून जेवत बसलेली असतात. अलीकडच्या वर्षांत किनाऱ्यावरच्या काही भागांत बसण्यासाठी आधी नोंदणी करावी लागते. नोंदणी उघडते ती उत्सवाच्या अगदी तोंडावर, तेव्हा त्या आठवड्यात नगरपालिकेच्या संकेतस्थळावर रोज नजर टाका. पूल आतषबाजीच्या वेळी बंद असतो. ‘आतषबाजी पुलावरून बघू’ असा बेत करू नका.

रविवारी सकाळी लवकर, ऊन चढण्याआधी, त्याच पुलावरून चालत चर्चपर्यंत जा. दुपारी जुदेक्काच्या पाण्यात वल्ह्यांच्या शर्यती असतात. मधला वेळ झात्तेरे आणि दोर्सोदुरो भागातल्या फुकट प्रदर्शनांना द्या, आणि ही गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते: ज्या देशांना जिआर्दिनीत घर नाही त्यांची पॅव्हेलियनं आर्सेनालेत किंवा शहरातल्या वाड्यांत, चर्चमध्ये, गोदामांत असतात. शिवाय बिएनालेने मान्यता दिलेली ‘समांतर प्रदर्शनं’ असतात. २०२४ मध्ये ती ३० होती. शहरातल्या यांपैकी बहुतेकांना तिकीट नसतं, आणि एरवी बंद असलेल्या वाड्यांची दारं त्या निमित्ताने उघडतात. मात्र प्रत्येकाची सुट्टी आणि वेळ वेगळी असते. पत्ता नुसता घर क्रमांक बघून शोधू नका: व्हेनिसमध्ये क्रमांक गल्लीनुसार नसून संपूर्ण भागानुसार, हजारांच्या घरात जातात. शेजारच्या कालव्याचं, पुलाचं किंवा चौकाचं नाव टिपून ठेवा. दारावरचा बिएनालेचा फलक हीच खरी खूण.

याच यादीत आपल्या ओळखीची नावं कधी सापडतात तेही बघा. भारताचं जिआर्दिनीत कायमचं पॅव्हेलियन नाही. २०११ मध्ये रणजित होस्कोटे यांनी रचलेलं आणि २०१९ मध्ये गांधीजींच्या दीडशेव्या जयंतीच्या निमित्ताने मांडलेलं, ही दोन्ही आर्सेनालेत होती. दुसऱ्यात नंदलाल बोस यांची हरिपुरा चित्रं, अतुल दोडिया आणि शकुंतला कुलकर्णी यांची कामं होती. २०१५ मध्ये तर भारताची शिल्पा गुप्ता आणि पाकिस्तानचा रशीद राणा यांचं एकत्र प्रदर्शन एका खासगी वाड्यात झालं. ते समांतर यादीत होतं, मुख्य नकाशात नव्हे.

सोमवारी पुंता देल्ला दोगाना, पालाझ्झो ग्रास्सी आणि गुगेनहाइम. पहिली दोन फ्रेंच उद्योजक पिनो यांच्या संग्रहाची. दोन्ही इमारती जपानी स्थापत्यकार तादाओ आंदोने आतून घडवल्या आहेत. दोगाना म्हणजे जुनं जकातघर. तिथल्या विटांच्या भिंती आणि मधोमध बसवलेला काँक्रीटचा गुळगुळीत चौकोन यांतला संवाद पाहण्यासारखा आहे. गुगेनहाइम मुख्यतः विसाव्या शतकाचं आहे, पण समकालीन कला ज्यावर उभी आहे तो पाया तिथे एका घरात, दीड तासात दिसतो. तिन्ही एका दिवसात होतात, पण तिसऱ्याच्या वेळी डोळे थकलेले असतात. दोनच करा असं माझं मत. तिथून संध्याकाळी पाचच्या पुढे दोगानाच्या टोकावर जाऊन बसा.

मंगळवारी आर्सेनाले. आठवड्याचा मधला दिवस असल्याने गर्दी कमी. पहिला मोठा भाग ‘कोर्देरिए’: जहाजांचे दोर वळायची ३१६ मीटर लांबीची इमारत. दोर अखंड वळायचा म्हणून इमारत लांब, आणि त्यामुळेच इथलं प्रदर्शन एका रेषेत, एकामागून एक येतं. इथे हमखास होणारी चूक अशी: लोक पहिल्या शंभर मीटरांत प्रत्येक फलक वाचतात, दीड तास घालवतात, आणि शेवटच्या टोकाची देशोदेशीची पॅव्हेलियनं, जुन्या नौकागृहांच्या कमानी आणि मागची बाग येईपर्यंत पाय संपलेले असतात. शेवटापासून उलटं येता येत नाही असं नाही, पण सोपा उपाय म्हणजे पहिल्या निम्म्या भागाला पाऊण तासाची मर्यादा. ‘साले दार्मी’ या शस्त्रागाराच्या वरच्या मजल्यावरही पॅव्हेलियनं असतात. जिना सहज नजरेतून सुटतो.

व्हिडिओ कामांसाठी वेगळा नियम ठेवा. फलकावर लांबी लिहिलेली असते. दहा मिनिटांपर्यंतचं असेल तर सुरुवातीपासून पूर्ण बघा. चाळीस मिनिटांचं असेल तर पाच मिनिटं बघून निर्णय घ्या आणि निघालात तर अपराधी वाटून घेऊ नका. सगळे व्हिडिओ पूर्ण बघायचे म्हटलं तर काही दिवसही पुरत नाहीत. सादरीकरणाच्या कामांचं वेळापत्रक मात्र आधीच पाहा. २०१९ मध्ये सुवर्णसिंह मिळवणारं लिथुआनियाचं काम म्हणजे कृत्रिम समुद्रकिनाऱ्यावर पहुडलेल्या माणसांनी गायलेला ऑपेरा होता, जो प्रेक्षक वरच्या सज्जातून बघत. तो रोज होत नसे. चुकीच्या दिवशी गेलेल्यांना नुसती वाळू दिसली.

तिकिटाबद्दल. साधं तिकीट जिआर्दिनी आणि आर्सेनाले या दोन्हींत प्रत्येकी एकदा प्रवेश देतं, आणि ते दोन वेगवेगळ्या, लागून नसलेल्या दिवशीही चालतं, म्हणून वरची शनिवार-मंगळवार अशी विभागणी जमते. एकदा बाहेर पडलात की त्या ठिकाणचा प्रवेश संपला. २०२४ मध्ये ते ३० युरो होतं, २६ वर्षांखालच्यांना १६. मोठ्या पाठपिशव्या आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे सामान घेऊन थेट स्टेशनवरून येऊ नका.

जलबसचं ७५ मिनिटांचं तिकीट साडेनऊ युरो. दिवसाला तीन फेऱ्या झाल्या तरी २४ तासांचा २५ युरोंचा पास परवडतो, आणि तुमच्यासाठी ७२ तासांचा ४५ युरोंचा बरा (हे २०२५ चे दर). प्रत्येक वेळी चढण्याआधी पास धक्क्यावरच्या यंत्राला लावायचा. पास असूनही न लावल्यास दंड होतो. विमानतळावरून येणाऱ्या ‘आलिलागुना’ बोटींना हा पास चालत नाही.

शहरात एका दिवसासाठी येणाऱ्यांकडून २०२४ पासून ठरावीक दिवशी प्रवेशशुल्क घेतात. २०२५ मध्ये ते आधी भरल्यास ५ युरो आणि आयत्या वेळी १० होतं, आणि जुलैचे शुक्रवार ते रविवार त्यात होते. व्हेनिस नगरपालिकेच्या हद्दीत मुक्काम असेल तर ते माफ आहे. मेस्त्रे याच हद्दीत येतं, पादोवा येत नाही. माफी असली तरी तिची नोंद करून क्यूआर कोड जवळ ठेवावा लागतो.

जुलैत हवा दमट असते, आणि सगळी पॅव्हेलियनं थंड नसतात. सूर्य डोक्यावर असताना, साधारण एक ते तीन, जाड भिंतींच्या इमारतींत राहील असा क्रम लावा आणि बागेतला मोकळा भाग त्याच्या आधी किंवा नंतर ठेवा. चौकाचौकांतल्या सार्वजनिक नळांचं पाणी पिण्यासारखं असतं, बाटली भरून घ्या. संध्याकाळी बाहेर बसणार असाल तर डासांसाठी मलम घ्याच, कारण सगळं शहर खाजणात वसलेलं आहे.

आणखी एक संध्याकाळ हाताशी असेल तर बिएनालेचाच नृत्यमहोत्सव जुलैच्या मध्यापासून साधारण दोन आठवडे चालतो, बराचसा आर्सेनालेतल्याच नाट्यगृहांत. मंगळवारी प्रदर्शन संपवून तिथेच रात्रीचा प्रयोग गाठता येईल. त्याचं तिकीट वेगळं असतं, प्रदर्शनाच्या तिकिटावर आत सोडत नाहीत.