पाय ‘आंबले’च म्हणा, पेटके वेगळे

जुळे सोलापुरातल्या एका तरुण वाचकाने विचारलंय: जिममध्ये पायांचा व्यायाम केला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. ट्रेनर म्हणतो, ‘पेटके आलेत, म्हणजे व्यायाम लागला.’ आई म्हणते, ‘पाय आंबल्यात की रं तुझे.’ आणि आरोग्यावरच्या एका मराठी लेखात ‘विलंबित स्नायूवेदना’ असं वाचायला मिळालं. यातलं बरोबर कोणतं? शिवाय हे दुखणं थोडं हवंहवंसंही वाटतं, त्यासाठी मराठीत काही शब्द आहे का?

आईचं बरोबर आहे. ट्रेनरचं साफ चूक आहे, आणि ही चूक मी रोज ऐकतो. सिद्धेश्वर तलावाच्या कडेनं सकाळी फिरणाऱ्यांच्या तोंडी सुद्धा हल्ली सगळ्यालाच ‘पेटके’ असतात. पेटका म्हणजे स्नायू एकदम आकसून त्याचा गोळा होणं. रात्री झोपेत पोटरीत येतो, माणसाला उठून बसवतो, अंगठा ओढून धरला की थोड्या वेळात सुटतो. दोन दिवस मुक्काम करणारं दुखणं पेटका असूच शकत नाही.

मराठीनं ही दुखणी वेळेवरून फार नेमकी लावून ठेवली आहेत. हात वर धरून पंखा पुसताना, काम चालू असतानाच लागते ती रग. वाकून बादली उचलताना एका क्षणात कमरेत भरते ती उसण. झोपेतून उठल्यावर वळत नाही ती मान धरलेली असते. आणि काम संपलं, घरी आलो, जेवलो, झोपलो, तरी सकाळी जे अंगात मुरून वर आलेलं असतं, ते आंबणं. रग, उसण आणि मान धरणं सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात शिरत नाही. मला बोलायचंय ते आंबण्याबद्दल.

‘आंबणे’ हे अम्ल या संस्कृत शब्दाचं लेकरू. अम्लातला ‘म्ल’ उच्चारताना ओठ मिटतात आणि उघडताना मध्ये आपोआप ‘ब’ उमटतो. ताम्राचं तांबं झालं ते याच वाटेनं. आम्राचा आंबा झाला तोही याच वाटेनं. पालीत आंबटाला ‘अंबिल’ म्हणतात. आता हा अंबिल शब्द सोलापूरच्या माणसानं एकदा मोठ्यानं म्हणून बघावा. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात जी पितो ती आंबील! ताक आणि ज्वारीचं पीठ मातीच्या भांड्यात घालून आदल्या दिवसापासून ठेवायचं. सकाळी झाकण काढलं की वर बारीक बुडबुडे असतात आणि वासानंच जिभेच्या कडा ओलावतात. अक्कलकोटकडचे लोक सांगतात की हा शब्द कानडी ‘अंबलि’वरून आला. कानडी आणि तेलुगू दोन्हींत अंबलि आहे, हे खरंच. पण ‘आंबट’ या अर्थाचा अंबिल पालीत बसलेला असताना आंबिलीला सीमेपलीकडून आणायची गरज काय? चव अम्लाची, नाव अम्लाचं. माझं यावर ठाम मत आहे आणि ते बदलावं असं काही अजून कुणी दाखवलेलं नाही.

मग पाय का आंबतात? इथं दोन टोळ्या भेटतात, आणि दोघींचं मला पटत नाही.

पहिली टोळी जिममधली. त्यांचं म्हणणं, पूर्वजांना लॅक्टिक ॲसिड ठाऊक होतं, ते स्नायूत साचतं, म्हणून ‘आंबणे’. कार्ल शीले या रसायनशास्त्रज्ञानं हे आम्ल १७८० मध्ये नासलेल्या दुधातून वेगळं काढलं. पुढं १९०७ मध्ये फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी बेडकाच्या स्नायूंवर प्रयोग करून दाखवलं की दमलेल्या स्नायूत ते वाढतं. (बेडूक! दंडातल्या फुगवट्याला आपण बेटकुळी म्हणतो, म्हणजे छोटी बेडकी. ‘मसल’ या शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये ‘छोटा उंदीर’ असं आहे. रोमनांना कातडीखाली उंदीर पळताना दिसला, आपल्याला बेडकी बसलेली दिसली. कुणाची नजर नेमकी, हे दंड वळवून कुणीही ठरवावं.) इथवर सगळं ठीक. पण व्यायाम थांबल्यावर हे ॲसिड साधारण तासाभरात पूर्वपदाला येतं, आणि दुखणं कळसाला पोचतं ते २४ ते ७२ तासांच्या दरम्यान. जे रात्रीच निघून गेलं ते परवा कसं दुखवेल? थिओडोर हफ यांनी १९०२ मध्येच लिहिलं होतं की हे उशिराचं दुखणं थकव्यापेक्षा वेगळं आहे आणि त्याचं मूळ स्नायूच्या आतल्या बारीक इजेत असावं. स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो तेव्हा ही इजा जास्त होते. बैठक मारताना खाली जाणं, उतार उतरणं, जिना उतरणं ही सगळी त्याच जातीची कामं. चढ चढताना धाप लागते, पाय आंबतात ते उतारानं.

कोजागरीला सोलापुराहून तुळजापूरला चालत जाणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही. पंचेचाळीसेक किलोमीटर रस्ता निभतो. देवळात जायला मात्र पायऱ्या उतराव्या लागतात, आणि तिथं मांड्या थरथरायला लागतात. दुसऱ्या दिवशी सकाळी हाच माणूस घरी चहा घ्यायला खाली बसताना एका हातानं भिंत धरतो, दुसऱ्यानं गुडघा, आणि शेवटची वीतभर उंची सरळ धप्पकन सोडून देतो. उठताना पोरांना हाक मारतो.

शिवाय ही लॅक्टिक ॲसिडची व्युत्पत्ती लावणाऱ्यांनी एवढंच सांगावं: मुंबईहून रात्रभर गाडीत बसून आलेला माणूस ‘बसून बसून अंग आंबलं’ म्हणतो, त्यानं कोणत्या बैठका काढल्या होत्या? आम्लाचा तिथं संबंधच नाही. संबंध आहे तो एका जागी वेळ जाण्याचा. पीठ कालवलं त्या क्षणी आंबत नाही, रात्र जावी लागते. पायांचंही तसंच. बोलणाऱ्यांनी आंबटपणा घेतला नाही, मुरण्याचा वेळ घेतला. माझ्या मते या शब्दातली सगळी करामत ती हीच. शास्त्राला त्या दुखण्याच्या इंग्रजी नावात ‘डिलेड’, म्हणजे उशिराचं, हा शब्द वेगळा जोडावा लागला, आपल्या क्रियापदाच्या पोटात तो आधीपासून आहे.

दुसरी टोळी आयुर्वेदाच्या वाटेनं भाषेत येते. त्यांना ‘आंबणे’मध्ये ‘आम’ दिसतो, आमवातातला आम, न पचलेला अन्नरस. अर्थ जुळवता येतो, पण अर्थ जुळवून व्युत्पत्ती होत नसते, आवाज जुळावे लागतात. आमापुढं ‘र’ नाही की ‘ल’ नाही, मग मध्ये ‘ब’ कुठून उमटला? ताम्र, आम्र, अम्ल या तिघांकडं तो उमटायला कारण आहे. आमाकडं नाही. नियमाकडं पाठ फिरवून दिलेली व्युत्पत्ती भाषणात टाळ्या घेते, कोशात टिकत नाही.

आयुर्वेदाचं नाव निघालंच आहे तर ‘विलंबित स्नायूवेदना’ या शब्दाबद्दलही सांगतो. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात पेशी ५०० आणि स्नायू ९०० असे वेगवेगळे मोजले आहेत. तिथं मांसाच्या पट्ट्याला पेशी म्हटलंय, आणि स्नायू म्हणजे सांधे बांधणारा तंतू. मराठीनं पेशी ‘सेल’ला देऊन टाकली आणि मोकळ्या जागेवर स्नायूला बसवलं. बंगालीत तोच स्नायू आज मज्जातंतू आहे, आणि मांसाला अजून पेशीच म्हणतात. शाळेच्या पुस्तकात रुळलेला स्नायू आता कुणी बदलू नये, मीही वर तोच वापरलाय. पण बोलीत चांगला, चालता शब्द असताना मुळात हललेल्या पायावर नऊ अक्षरांचा नवा मजला चढवण्यात काय अर्थ? परिभाषा करणाऱ्यांनी आधी घराघरांत जाऊन ऐकावं. सोलापुरात तर एका गल्लीत तीन भाषांत ऐकायला मिळेल: कानडी घरात ‘मैकै नोवु’, म्हणजे अंग आणि हात दुखणं, तेलुगू घरात ‘ओळ्ळु नोप्पुलु’, म्हणजे अंगाची दुखणी. दोन्ही चांगले, पण दोन्हींत दुखणं कधीचं ते कळत नाही. मराठी ‘आंबलं’ ते सांगतं.

राहिलं हवंहवंसं वाटणं. त्यासाठी वेगळा शब्द नाही, आणि ट्रेनरच्या ‘दुखलं म्हणजे लागलं’ या समजाला शब्द मिळूही नये. दुखणं हे व्यायामाचं माप नाही. तोच व्यायाम काही दिवसांनी पुन्हा केला की स्नायू सरावतात आणि दुखणं कमी होतं, व्यायामाचा गुण मात्र येतच राहतो. संक्रांतीच्या यात्रेत सिद्धेश्वराचे सात नंदीध्वज पेलणारे उगीच आधीपासून सराव करत नाहीत. यात्रेच्या दिवशी आंबलेलं अंग घेऊन ६८ लिंगांची वाट चालता येत नाही. आंबणं आवडत असेल तर ‘अंग आंबलंय, पण बरं वाटतंय’ असं सरळ म्हणा, मराठीत ते पुरेसं आहे.

लिहिताना एवढं सांभाळा. आंबणे अकर्मक आहे: पाय आंबले, मांड्या आंबल्या, अंग आंबून गेलं. ‘बैठकांनी पाय आंबवले’ म्हणायला हरकत नाही. विशेषण मात्र ‘आंबलेले पाय’ असं करा, ‘आंबवलेले’ पीठासाठी ठेवा. आणि अनुस्वार आ-वर द्या. जिमच्या पाटीवर पाहिलेलं ‘अंबले’ चूक आहे.