वाचकांचे प्रश्न : आपल्या संगणकावर पास, सर्व्हरवर नापास

प्रश्न : आम्ही तिघे मिळून सांगलीतील हळदीच्या अडत्यांसाठी आवक, सौदे आणि पट्टी यांची नोंद ठेवणारे वेब ॲप्लिकेशन तयार करत आहोत. कोड गिटहबवर (कोड साठवण्याच्या ऑनलाइन सेवेवर) पाठवला की चाचण्या आपोआप चालतील, अशी व्यवस्था केली आहे; परंतु आमच्या लॅपटॉपवर पास होणाऱ्या दोन चाचण्या तेथे दर वेळी नापास होतात. शिवाय सगळ्या चाचण्यांना २५ मिनिटे लागत असल्यामुळे निकालाची वाट न पाहता कोड मुख्य शाखेत (सर्वांच्या सामाईक मूळ प्रतीत) घेण्याची सवय लागली आहे. त्या दोन चाचण्या वगळाव्यात का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : कृपया वगळू नका. आपण पत्रासोबत पाठवलेल्या दोन्ही चाचण्या मी वाचल्या आणि त्या दोन्ही खरे बोलत आहेत.

पहिल्या चाचणीत १ एप्रिलच्या रात्री दीड वाजता बाजारात आलेल्या गाडीची आवक नोंदवून तिची तारीख १ एप्रिलच पडते का, हे पाहिले आहे. गिटहबची यंत्रे यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर चालतात आणि आपली प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. म्हणजे त्या क्षणी तेथे ३१ मार्चचे रात्रीचे आठ वाजलेले असतात. तारीख काढताना कोणत्या ठिकाणची वेळ धरायची, हे आपल्या कोडमध्ये कोठेच सांगितलेले नसल्यामुळे ज्या यंत्रावर तो चालेल त्याचीच वेळ तो घेतो, आणि तिन्ही लॅपटॉप सांगलीतलेच असल्यामुळे ही चूक आजवर झाकली गेली. उद्या हेच ॲप्लिकेशन यूटीसीवर चालणाऱ्या भाड्याच्या सर्व्हरवर गेले, तर हळदीच्या ऐन हंगामात ती गाडी थेट मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसेल आणि अडत्याचे दिवाणजी तो फरक शोधत राहतील.

चाचणीच्या यंत्राची वेळ ‘एशिया/कोलकाता’ (भारतीय वेळ) केली की निकाल हिरवा होईल, पण दोष तसाच राहील. ते करू नका. कोडमध्ये जेथे जेथे तारीख काढली आहे, तेथे ‘एशिया/कोलकाता’ स्पष्टपणे लिहा आणि चाचणीचे यंत्र मुद्दाम यूटीसीवरच ठेवा.

दुसरी चाचणी शेतकऱ्याचे नाव इंग्रजी लहान अक्षरांत टाकून शोधण्याची आहे. माहिती साठवण्यासाठी आपण लॅपटॉपवर एसक्यूलाइट हा डेटाबेस वापरता आणि गिटहबवर पोस्टग्रेस. एसक्यूलाइटमधील ‘लाइक’ ही शोधाची आज्ञा इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांत फरक करत नाही, पोस्टग्रेसमधील करते. तेथे ‘आयलाइक’ लागते. प्रत्यक्ष ग्राहकाकडे पोस्टग्रेसच चालणार असेल, तर लॅपटॉपवरही तेच बसवा.

आता २५ मिनिटांविषयी. आपल्या व्यवस्थेत तयार पॅकेजेस बसवण्यासाठी ‘एनपीएम इन्स्टॉल’ ही आज्ञा आहे. त्याऐवजी ‘एनपीएम सीआय’ लिहा, म्हणजे लॉक फाइलमध्ये नोंदलेल्या आवृत्त्याच बसवल्या जातील, आणि डाउनलोड केलेली पॅकेजेस कॅशमध्ये (पुन्हा वापरायच्या साठ्यात) ठेवा. मात्र खरा वेळ ब्राउझर उघडून होणाऱ्या चाचण्या खातात. पट्टीतील अडत, हमाली, तोलाई यांची आकडेमोड तपासणाऱ्या छोट्या चाचण्या प्रत्येक पुशला (कोड गिटहबवर पाठवताना) चालवा आणि ब्राउझरच्या चाचण्या मध्यरात्रीनंतर लावा. रात्री दोनची वेळ हवी असल्यास वेळापत्रकात मिनिटाच्या जागी ३० आणि तासाच्या जागी २० लिहावे लागेल, कारण तेथेही यूटीसीच धरली जाते. एखादी चाचणी अडकून पडली तर गिटहब ते काम सहा तासांपर्यंत चालू ठेवते, म्हणून छोट्या चाचण्यांना १५ मिनिटांची मर्यादा स्वतः घाला.

निकालाआधी मर्ज करण्याच्या, म्हणजे कोड मुख्य शाखेत घेण्याच्या सवयीवर सूचनांचा उपयोग होत नाही, असा माझा अनुभव आहे. मुख्य शाखेच्या संरक्षणात ही तपासणी सक्तीची केली, की ती पास झाल्याशिवाय मर्जच होत नाही. खासगी रिपॉझिटरीसाठी (कोडच्या साठ्यासाठी) ही सोय गिटहबच्या मोफत योजनेत मिळत नाही. तो खर्च आत्ता नको असेल, तर ज्याने कोड लिहिला त्याने तो मर्ज करायचा नाही. बाकी दोघांपैकी एकाने हिरवी खूण पाहून करायचा, एवढे आपसात ठरवून घ्या.