सांगलीत बंगल्यापुढचं लॉन काढून देशी झाडं लावायची आहेत. परवानगी लागते का, आणि काय लावावं?

आपल्या कंपाउंडमध्ये झाड लावायला परवानगी लागत नाही, तोडायला लागते. महापालिका हद्दीत 1975 चा वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे. लॉनसोबत जुना गुलमोहरही काढणार असाल, तर आधी वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करा. झाड विदेशी आहे ही सबब चालत नाही. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षांवरचं झाड हेरिटेज धरतात. शक्यतो तो राहू द्या, त्याच्या सावलीत अडुळसा छान येतो.

रोपांसाठी सामाजिक वनीकरण विभागाची रोपवाटिका गाठा. तिथे देशी रोपं स्वस्त मिळतात.

खरी अडचण मातीची. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत लोक तीन फुटी खड्डा घेऊन लाल माती आणि शेणखत भरतात. भोवतालच्या चिकट मातीतून पाणी निचरत नाही, खड्डा बादलीसारखा तुंबतो. ऑगस्टमध्ये मुळं कुजून पानं पिवळी पडली की पाणी कमी पडलं समजून आणखी पाणी घालतात, आणि रोप जातं. त्यापेक्षा तीन फूट रुंद, नऊ इंच उंच उंचवटा करा: चार पाट्या तिथलीच माती, एक पाटी कुजलेलं शेणखत. पिशवी पूर्ण फाडा, तळाशी गोल फिरलेली मुळं कापा, मगच लावा.

उन्हाळ्यात या मातीला भेगा पडून बारीक मुळं तुटतात. म्हणून दिवाळीनंतर उसाच्या पाचटाचा चार बोटं थर द्या, पण बुंध्यापासून वीतभर लांब, नाहीतर वाळवी लागते. पहिल्या वर्षी पाऊस थांबल्यावर एका झाडाला आठवड्याला 15-20 लिटर पाणी पुरे.

छोट्या अंगणात आपटा किंवा बहावा, यातलं एकच, भिंतीपासून दहा फुटांवर. आपटा मागितला की पुष्कळदा कांचन गळ्यात मारतात. पान बघून घ्या: आपट्याचं लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंद असतं. कुंपणाला दुरंटाऐवजी दीड-दीड फुटावर कोरांटी किंवा निर्गुडी.

कडीपत्ता हवाच. त्याच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही दिसलं तर फवारू नका. ती फुलपाखराची अळी असते. पुढे हिरवी होते, थोडी पानं खाते आणि कोषात जाते.