वाचकांचे प्रश्न : घरी जोडायची ॲल्युमिनियमची होडी

प्रश्न : मी मूळचा रत्नागिरीचा, सध्या नोकरीनिमित्त ऑस्ट्रेलियात पर्थ येथे राहतो. येथे ॲल्युमिनियमच्या लहान होड्या, ज्यांना सारे ‘टिनी’ म्हणतात, जागोजागी दिसतात. आधीच कापून दिलेल्या भागांचा संच घेऊन गॅरेजमध्ये साडेचार मीटरची होडी जोडावी असा विचार आहे. सुतारकाम बऱ्यापैकी येते, वेल्डिंग मात्र कधी केलेले नाही. संच घेतल्यावर नेमके किती काम उरते आणि ते नवख्याला झेपेल का?
— एक वाचक, पर्थ

उत्तर : झेपेल, मात्र वेल्डिंग आधी शिका आणि संच नंतर मागवा. बहुतेक जण याच्या उलट करतात आणि महागड्या पत्र्यावर हात बसवू पाहतात.

संचामुळे आखणी आणि कापणी ही दोन कटकटीची कामे वाचतात. तळाचे व बाजूंचे पत्रे, आडव्या चौकटी, लांबीच्या पट्ट्या आणि मागची पाटी, म्हणजे ट्रान्सम, हे सारे संगणकचलित यंत्रावर कापलेले असते; प्रत्येक भागावर क्रमांक असतो, चौकटी कुठे बसवायच्या त्या रेषा पुष्कळदा पत्र्यावरच कोरलेल्या असतात आणि खाचेत खाच बसत गेली की होडीचा आकार आपोआप उभा राहतो. कापणी राउटरवर, म्हणजे फिरत्या पात्याच्या यंत्रावर, झाली असेल तर कडा जवळजवळ तयार मिळतात. प्लाझ्माने, म्हणजे अतितप्त वायूच्या झोताने, कापलेली कड खडबडीत आणि उष्णतेने बिघडलेली असते, ती तासून घ्यावी लागते. पाण्याच्या झोतावर कापलेल्या कडेत गार्नेट वाळूचे कण रुतलेले असू शकतात, म्हणून तिच्यावरूनही हात फिरवावा लागतो. संच मागवताना कापणी कशावर केली आहे हे अवश्य विचारा.

आपले सुतारकाम येथे उपयोगी पडेल. लाकडासाठी वापरतात त्या कार्बाइड दातांच्या गोल करवतीने आणि राउटरने ॲल्युमिनियम उत्तम कापले जाते. डोळ्यांवर चष्मा, कानांवर संरक्षण आणि पात्याला थोडे मेण एवढे पुरते. लोखंडावर वापरलेली ग्राइंडरची चाके आणि तारेचे ब्रश मात्र या कामापासून लांब ठेवा. लोखंडाचे कण मऊ पत्र्यात रुततात आणि खाऱ्या हवेत त्याच जागी गंज धरू लागतो. ब्रश स्टेनलेसचा असावा आणि तो फक्त ॲल्युमिनियमसाठीच राखून ठेवावा.

आता खऱ्या अडचणीकडे येऊ. शुद्ध ॲल्युमिनियम सुमारे 660 अंश सेल्सियसला वितळते, तर त्यावर हवेत आपोआप धरणारा ऑक्साइडचा पातळ थर वितळायला 2000 अंशांहून अधिक तापमान लागते. हा थर घासून काढला नाही तर खालचा धातू वितळतो, वरचा थर मात्र तसाच राहतो, आणि बाहेरून गुळगुळीत दिसणाऱ्या जोडात आत काहीच एकजीव झालेले नसते. म्हणून आधी ॲसिटोनने तेलकटपणा पुसावा, मगच ब्रश मारावा. क्रम उलटा झाला तर ब्रश तेच तेल पत्र्यात चोळतो.

आपला हात बसला की नाही हे जोडाकडे पाहून कळत नाही, तो मोडून पाहावा लागतो. संचातल्याच 4 मिलीमीटर पत्र्याच्या उरलेल्या दोन पट्ट्या घ्या, एक आडवी ठेवून दुसरी तिच्यावर काटकोनात उभी करा आणि फक्त एका बाजूने वेल्ड करा. आडवी पट्टी वाइसमध्ये धरून, जिकडे वेल्ड नाही त्या बाजूने उभ्या पट्टीवर हातोडा घाला, म्हणजे ती वेल्डच्या अंगावर वाकेल आणि जोडाचे मूळ उघडे पडेल. भंगलेला भाग सलग, राखी आणि तंतुमय दिसला तर काम ठीक आहे. त्यात गोल, चकचकीत छिद्रे दिसली तर ओलावा, तेल किंवा वायूचे कवच अपुरे पडणे, यांपैकी काहीतरी नडले आहे. पट्टीची कापलेली कड करवतीच्या खुणांसकट जशीच्या तशी सुटून आली, तर धातू तेथे वितळलाच नव्हता. जोडाची सुरुवात बहुधा अशीच कच्ची राहते, कारण पत्रा थंड असतो. शेवटी खळगा राहून त्यात तडा जातो, म्हणून संपवताना थोडे मागे येऊन खळगा भरावा. असे तुकडे सलगपणे चांगले मोडू लागेपर्यंत होडीला हात लावू नका. हा सराव कंटाळवाणा आहे, पण दुसरा मार्ग नाही.

होडी जोडताना नवख्याची घाई सर्वांत जास्त नडते ती पूर्ण वेल्ड मारण्यात. ॲल्युमिनियम उष्णतेने पोलादाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते आणि थंड होताना तितकेच ओढते. एक बाजू पूर्ण करून मग दुसरीला हात घातला तर होडी पीळ घेते, आणि मग यंत्राने साधलेला अचूकपणा तुमच्या कामाचा राहत नाही. सारी होडी आधी केवळ टाक्यांवर, म्हणजे जागोजागी मारलेल्या छोट्या वेल्डांवर, उभी करावी. नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून, ट्रान्समच्या मध्यापर्यंत दोरी ताणून पाहावी, समोरासमोरचे कर्ण मोजावेत आणि ते जुळल्यावरच पुढे जावे. पूर्ण वेल्ड मध्यापासून टोकांकडे, एकदा डावीकडे तर एकदा उजवीकडे, तुकड्या-तुकड्याने मारावा. चौकटी पत्र्याला सलग जोडू नयेत; थोडा वेल्ड, थोडी मोकळी जागा असा क्रम ठेवावा, नाहीतर उन्हाळ्यात खंगलेल्या बैलासारख्या होडीच्या बरगड्या बाहेरून मोजता येतात. मोजमाप सकाळी घ्यावे: साडेचार मीटरचा पत्रा 20 अंशांनी तापला तर सुमारे 2 मिलीमीटर वाढतो, आणि पर्थच्या उन्हात गॅरेजच्या दाराकडची बाजू एवढी सहज तापेल.

तळाचे सांधे आतून जोडल्यावर बाहेरून तसेच जोडू नका. बाहेरच्या बाजूने चर पाडून, आतला निर्दोष धातू दिसेपर्यंत खाली जाऊन, मग तो चर भरा. बहुतेक संच होडी उपडी ठेवून जोडायचे असतात, तेव्हा उलटवायला चार-सहा माणसांची सोय आधीच करून ठेवा.

एक धोका मात्र मोठ्या अक्षरांत छापावा असा आहे. वेल्डला हवा लागू नये म्हणून त्यावर सोडतात तो आर्गन वायू हवेपेक्षा जड असतो आणि सुलट्या होडीच्या बुडात तो पाण्यासारखा साठतो; त्याला वास नसतो, रंग नसतो. आत वाकून किंवा आडवे पडून वेल्ड मारणाऱ्याला गुदमरल्याचे कळण्याआधीच शुद्ध हरपू शकते. बुडाशी हवा खेळती राहील असा पंखा ठेवा, मात्र त्याचा झोत वेल्डवर येऊ देऊ नका, आणि बाहेर कोणीतरी लक्ष ठेवणारे असू द्या.

प्रश्न : माझे ग्रिल, गेट आणि टाक्यांचे स्टँड बनवण्याचे वर्कशॉप आहे. मिग मशीन, म्हणजे तार आपोआप पुढे सरकवणारे वेल्डिंग मशीन, आहे, पण ते लोखंडासाठी आहे. खाडीत वापरायला ॲल्युमिनियमची होडी बनवून द्या असे एका गिऱ्हाइकाने सांगितले आहे. संचाऐवजी फक्त कापणीच्या फाइल विकत मिळतात असे कळले. पत्रा कोणता घ्यावा आणि हेच मशीन चालेल का?
— एक वाचक, देवगड

उत्तर : फाइल घेऊन पुण्यात किंवा कोल्हापुरात पत्रा कापून आणणे शक्य आहे, तसे केल्याने परदेशातून पत्रे आणण्याचे भाडे वाचते. मात्र मग पत्र्याची जबाबदारी सर्वस्वी तुमची. तळ आणि बाजूंसाठी 5083 हा मिश्रधातू, एच116 किंवा एच321 या प्रतीचा घ्यावा. त्यात मॅग्नेशियम चार टक्क्यांहून अधिक असते आणि खाऱ्या पाण्यात तो उत्तम टिकतो. 5086 देखील चालतो. दुकानदार ‘मरीन ग्रेड आहे’ असे तोंडाने सांगेल, त्यावर जाऊ नका. मिल टेस्ट सर्टिफिकेट, म्हणजे कारखान्याचा तपासणी दाखला, मागा आणि त्यावरचा हीट क्रमांक, म्हणजे धातूच्या ओतीव घाण्याचा क्रमांक, पत्र्यावरच्या क्रमांकाशी ताडून पाहा. बसच्या फरशीला लावतात ती नक्षीदार शीट स्वस्त पडते म्हणून तळाला लावण्याचा मोह होईल, तो टाळावा. 6061 या मिश्रधातूचे चॅनेल आणि पाइप कठड्याला वगैरे ठीक आहेत, परंतु वेल्डच्या आजूबाजूला त्यांची ताकद बरीच घटते, हे लक्षात ठेवून त्यांची जागा ठरवावी.

मशीन कदाचित चालेल, त्याची मांडणी चालणार नाही. कार्बन डायऑक्साइड किंवा मिश्र वायू येथे उपयोगाचा नाही. शुद्ध आर्गनच हवा. ॲल्युमिनियमची तार मऊ असल्याने लोखंडी तारेच्या रोलरमध्ये आणि लांब केबलमध्ये ती अडते, दुमडते आणि मशीनच्या तोंडाशी तिचा गुंता होतो. यू आकाराच्या खाचेचे रोलर, टेफ्लॉनचे लायनर (केबलमधली तार सरकण्याची नळी) आणि शक्यतो छोटे रीळ बसणारी स्पूल गन घ्यावी. तार 5356 किंवा 5183 असावी. 4043 बाजारात सहज मिळते आणि वाहतेही छान, पण 5083 सारख्या मॅग्नेशियमयुक्त पत्र्यावर तिचा जोड ठिसूळ होतो. गन ओढत नेऊ नये, पुढे ढकलत न्यावी. ओढली की वेल्डभोवती काळी काजळी धरते. तुमच्या वेल्डरचा लोखंडावरचा हात कितीही सराईत असला तरी वर पर्थच्या वाचकांना सांगितलेली मोडून पाहण्याची परीक्षा त्यालाही द्यायला लावा.

देवगडच्या पावसाळ्यात हे काम काढूच नये असे आमचे मत आहे. ओलावा म्हणजे हायड्रोजन, आणि हायड्रोजन म्हणजे जोडात छिद्रे. पत्रे एकावर एक रचून ठेवले तर मधल्या ओलाव्याने त्यांवर पांढरे डाग पडतात. ते उभे, मध्ये फटी ठेवून, छपराखाली ठेवावेत.

गळती पाहायला तुमच्या ओळखीचीच रॉकेल-खडूची चाचणी पुरेशी आहे: सांध्याच्या एका बाजूला खडूचा लेप देऊन तो वाळू द्यावा, दुसऱ्या बाजूला रॉकेल लावावे आणि खडूवर ओला डाग उमटतो का ते पाहावे. हवाबंद कप्प्यांची चाचणी हवा भरून करतात, पण कॉम्प्रेसर थेट जोडू नका; कप्पा फुगून सांधे फाटतात. पाणी भरलेली पारदर्शक नळी जोडून दाब पाहावा. पाण्याच्या दोन पातळ्यांत 70 सेंटिमीटर फरक म्हणजे सुमारे 1 पीएसआय (दर चौरस इंचाला एक पौंड दाब), आणि त्यापुढे जाण्याची गरज नसते.

प्रश्न : धरणाच्या जलाशयात अशी होडी मोटर लावून वापरायची असल्यास परवानगी लागते का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : लागते. यंत्राने चालणाऱ्या अंतर्गत जलवाहतुकीच्या नौकांना अंतर्देशीय जलयान अधिनियम, 2021 लागू होतो आणि आपल्या राज्यात नोंदणीसाठी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे जावे लागते. जलाशय ज्या खात्याच्या ताब्यात आहे त्याची परवानगी वेगळी. होडी तयार झाल्यावर कागदपत्रांसाठी धावपळ करण्यापेक्षा पत्रा कापण्याआधीच आराखडा घेऊन कार्यालयात जाऊन यावे. पत्र्याचे सर्टिफिकेट आणि काम चालू असतानाची छायाचित्रे जपून ठेवावीत. तळावर फरशी बसली की आतले सांधे कोणालाच दाखवता येत नाहीत.

प्रश्न : आमच्या बंदरात होड्यांच्या बुडाला लावतात तो शेवाळरोधक लाल रंग ॲल्युमिनियमच्या होडीला लावला तर चालेल का?
— एक वाचक, मालवण

उत्तर : रंगाच्या डब्यावर तांब्याच्या ऑक्साइडचा उल्लेख असेल तर मुळीच लावू नका. खाऱ्या पाण्यात तांबे आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की विद्युतघट तयार होतो आणि त्यात झिजते ते ॲल्युमिनियम. पत्र्याला खड्डे पडत जातात. ॲल्युमिनियमसाठी चालेल असे स्पष्ट लिहिलेला, तांबे नसलेला रंग इपॉक्सी प्रायमरवर लावावा. होडी रोज किनाऱ्यावर ओढून घेत असाल तर बुडालाही रंग नको. उघडा पत्रा राखी पडतो, बिघडत नाही.

याच कारणास्तव बुडातून आरपार जाणारे पितळी नळ आणि झडपा टाळाव्यात, स्टेनलेसच्या बोल्टखाली नायलॉनचे वॉशर व इन्सुलेशन देणारी पेस्ट घालावी, आणि जस्ताचे किंवा ॲल्युमिनियम मिश्रधातूचे बलिदानी ॲनोड, म्हणजे स्वतः झिजून पत्रा वाचवणारे धातूचे तुकडे, जोडून त्यांवर कधीही रंग फिरवू नये. मॅग्नेशियमचे ॲनोड गोड्या पाण्यासाठी असतात. बॅटरीची ऋण तार गाडीप्रमाणे अंगाला जोडू नये; दोन्ही तारा स्वतंत्र न्याव्यात. होडी ज्या लाकडावर टेकते ते तांबेयुक्त औषध लावलेले नसावे. आणि विजेचे काम आटोपल्यावर वायरमनकडून बूड झाडून घ्यावे. छाटलेल्या तांब्याच्या तारेचा नखाएवढा तुकडा बुडातल्या खाऱ्या पाण्यात पडून राहिला तरी त्याच्याखाली पत्र्याला भोक पडायला तो पुरतो.