मटण सोडलं, मग धरलं काय?

वडलांनी शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेला रक्ताचा रिपोर्ट काढला आणि माझ्या टेबलावर तळहातानं सपाट केला. "बघा मॅडम. मटण सोडून तीन म्हयने झाले आन् हे असं झालंय." हिमोग्लोबिन ११.२, बी-१२ १४८. दोन्ही कमी. ज्याचा रिपोर्ट तो सतरा वर्षांचा मुलगा शेजारच्या खुर्चीत मान खाली घालून बसलेला. आई दाराजवळच्या स्टुलावर. खुर्ची दिली तरी तिथंच.

"पोरानं अचानक मांसाहार सोडला, काय करावं?" हा प्रश्न मला परभणीत महिन्यातून एकदा तरी येतो. फोनवर येतो, पालकसभेत येतो, एकदा तर लग्नाच्या मांडवात अक्षता हातात असताना आला होता. म्हणून या घराची गोष्ट लिहितेय. त्यांना विचारूनच, आणि ओळख पटेल असं सगळं बदलून.

मुलगा लातूरला नीटच्या क्लासला. सहा वर्षांचा असताना ताप डोक्यात गेला होता, नांदेडला दवाखान्यात बारा दिवस होता. तेव्हा आईनं दर्ग्याला कंदुरीचा, म्हणजे बोकड कापून जेवण घालायचा, नवस बोलला. आपल्याकडं कंदुरीला जात-धर्म नसतो, हे मराठवाड्याबाहेरच्यांना सांगावं लागतं. नवस मात्र लवकर फिटला नाही. २०१६ ला, लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या वर्षी, यांच्या दावणीची जनावरंच विकली गेली. मग बहिणीचं लग्न, मग लॉकडाऊन. शेवटी घरच्याच शेळीचं एक पिल्लू नवसाचं म्हणून ठेवलं. उस्मानाबादी, काळंभोर, लोंबत्या कानाचं. सुट्टीला आलं की त्याला सुबाभळीचा पाला कोण घालायचं? हाच.

कंदुरीच्या दिवशी बोकड कापायला मुलाणी आला, पोरांना बाजूला व्हा म्हणाला. हा गोठ्याच्या मागं जाऊन उभा राहिला. "त्यानं मला आवाज दिला," एवढंच तो मला म्हणाला आणि पुढचं वाक्य त्याला येईना. मीही विचारलं नाही.

संध्याकाळी पंगत बसली. दीडशे माणूस, आणि ज्याच्यासाठी नवस तोच पंगतीला नाही. वडलांचं दुखणं इथं होतं. "भावकी विचारायली, लेकरू कुठंय? काय सांगावं? बोकडासाठी रडायलंय म्हणून सांगू?" रक्ताचा रिपोर्ट हा त्यांच्या हाती नंतर लागलेला पुरावा.

तर आधी तो पुरावाच बघितला. मी डॉक्टर नाही. गोळ्या-इंजेक्शन त्यांच्या डॉक्टरांनी सुरू केलेच होते आणि ते मी चालू ठेवायला सांगितले. पण एक गोष्ट वडलांना समजावून सांगणं भाग होतं. बी-१२ दिवसाला लागतं जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅम, आणि यकृतात त्याचा साठा काही वर्षं पुरेल एवढा असू शकतो. तीन महिने मटण सोडल्यानं तो रिकामा होत नाही. रिकामा झालाय म्हणजे गळती जुनी आहे. "घरात मटण कधी असायचं?" असं विचारलं तर वडलांनी बोटं मोजायला घेतली. सोमवार नाही, गुरुवार नाही, शनिवार नाही, एकादशी नाही, श्रावण नाही. महिन्यातून एकदा, फार तर दोनदा. आणि पोरगं लातूरला दोन वर्षं राहिलेलं, दूध-दह्याची सवय तिथं मोडलेली.

मग मुलाला एकट्याला बसवलं. अशा वेळी माझा पहिला प्रश्न "का सोडलंस?" हा नसतो. तो त्याला पंधरा नातेवाइकांनी विचारलेला असतो. मी विचारते, "सोडलंस, मग धरलं काय?"

तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "चहा-बिस्कीट."

मेसमध्ये रविवारी चिकनचा रस्सा असतो आणि तोच डाव वरणात बुडतो, हे एकदा दिसल्यापासून त्याला तिथलं काहीच जाईना. वजन सत्तावन्नवरून बावन्नवर आलं होतं. या वयाच्या मुलामुलींमध्ये "मी आता शाकाहारी" या वाक्याच्या आड कधी कधी जेवणच सोडण्याचा आजार लपलेला असतो, म्हणून मी इथं थांबून नीट चौकशी करते. आरशात बघतो का, जेवल्यावर अपराधी वाटतं का, भूक लागते का. "लागते ना," तो म्हणाला. शेवटचं पोटभर कधी जेवलास? "आजीच्या चुलीवर. पिठलं-भाकरी, वर कारळाची चटणी. चार भाकरी खाल्ल्या." तिथं माझा जीव भांड्यात पडला. आजार नव्हता, उपासमार होती.

आता आजी. त्या घरात आजीची चूल वेगळी, तवा वेगळा, हंडा वेगळा. वीस वर्षांपूर्वी त्यांनी पंढरपूरला माळ घातली तेव्हापासून. मी वडलांना विचारलं, "आईंनी सोडलं तेव्हा तुम्ही कुणाकडे दाखवायला नेलं होतं?"

ते हसले. "त्या टायमाला पेढे वाटले मॅडम."

आजीनंही तोडगा काढलाच होता: लेकराच्या गळ्यात माळ घाला, कुणी विचारणार नाही. मुलगा तयार नव्हता. मला देवासाठी नाही सोडायचं, म्हणाला. शिवाय माळ घातली तर अंडंही बंद, आणि त्याला अंडं चालत होतं. यावर वडील उसळले, "अंडं खातो, मग मटणानं काय घोडं मारलंय?"

खरं सांगू? मी स्वतः चिकन खाते, मासा खात नाही, आणि का ते मला सांगता येत नाही. रेघ कुठं ओढायची हे ज्याचं त्यानं ठरवावं. ती दुसऱ्याला पटलीच पाहिजे असं नाही. पण रेघ स्वतःच्या ताटाभोवती ओढायची, हेही मी मुलाला तितक्याच कडक शब्दांत सांगितलं. कारण त्यानं धाकट्या बहिणीला "तू मेलेलं खातीस" म्हणून आठवडाभर छळलं होतं आणि ती पोर जेवताना रडायची.

आईला मात्र भीती वेगळीच: नवस उलटला तर? नवसातलं मला कळत नाही, त्यांना दर्ग्याची सेवा बघणाऱ्या मुजावराकडेच जायला सांगितलं. तो म्हणाला म्हणे, नवस तुझा होता बाई, तू फेडलास. लेकरानं मलिदा खाल्ला तरी पोचलं.

जाता जाता मी सहज विचारलं, "तुम्हाला स्वतःला मटण आवडतं का हो?" त्या तोंडाला पदर लावून हसल्या. "मला फोड कुठं येती? रस्सा आन् भाकर." राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला होता. हा आकडा मी भाषणात कितीदा सांगितला असेल. समोर बसलेल्या बाईचं रक्त तपासलंय का, हे विचारायला मला तिसरी भेट लागली. तपासलं नव्हतं. हिमोग्लोबिन निघालं ९.१.

मग आहाराचं सगळ्या घराचंच बोललो. मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, वाढत्या पोराला थोडी जास्त. भाकरी, तुरीचं घट्ट वरण, मटकीची उसळ, मूठभर शेंगदाणे, वाटीभर दही असं रोज पोटात गेलं तर बावन्न किलोच्या पोराचं भागतं. पालेभाजीवर लिंबू पिळायचं. जेवणावर लगेच चहा नाही. हे ऐकून मुलाचा नाही, वडलांचा चेहरा पडला. बी-१२ ची तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा.

दिवाळीनंतर वडलांचा फोन आला. वजन पंचावन्न झालं होतं. "मेसवाल्याला सांगून आलो, याच्या वरणाला डाव येगळा ठेवा. त्यानं इच्यारलं, पोरगं माळकरी हाय का?"

"मग?"

"म्हणलो, हाय."

"आणि अंडं?"

"ते रूमवर उकडून खातंय. मेसवाल्याला कळू देऊ नका म्हंजे झालं."